सेक्स्टंट: समुद्रावरचा काटा



आमच्या एका गटाची मासिक सभा होती. हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना आणि रूपा, २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २९ मे २०२५ ला गोव्यालाच परत आल्या. नौकेत दोघीच. आमच्या बायका बघतच राहिल्या. मग एक काकू म्हणाल्या, "रस्ता नाही, पाटी नाही, मैलाचा दगड नाही. कुठं आलोय ते कळतं कसं गं?"

कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "जीपीएस असतं, काकू. मोबाईलच्या नकाशासारखं."

काकू म्हणाल्या, "आणि ते बंद पडलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. माझं बीए इतिहासात झालं, पण आमच्या इतिहासात लढाया होत्या, तह होते. जहाजं होती तीही लढाईपुरती. जहाज वाट कशी काढतं हे कुणी शिकवलं नव्हतं. मग वाचत गेले, आणि आज त्याच काकूंना उत्तर द्यायला रेडिओवर बसले आहे.

ते बंद पडलं तर आकाश बघायचं. आकाश मोजायला जे यंत्र लागतं त्याला म्हणतात सेक्स्टंट.

आकाश बघणं आपल्याला नवं नाही. माझी आजी घड्याळ वापरत नसे. तिकांडं कुठं आलंय ते बघून ती दळायला उठायची. सप्तर्षींना ती 'म्हातारीची बाज' म्हणायची, बाजेचे चार खूर आणि मागं बाज चोरायला आलेले तीन चोर. त्या बाजेच्या पुढच्या दोन खुरांची रेघ पुढं वाढवली की ध्रुव सापडतो, हे मला तिनंच दाखवलं.

आता ध्रुवाची एक गंमत सांगते. उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. हात सरळ लांब करा आणि मूठ वळा. त्या मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. मुठीची खालची कड क्षितिजावर ठेवा आणि तिच्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवा. आपल्या महाराष्ट्रात ध्रुव या दोन मुठींच्या आसपास दिसतो. कारण आपण विषुववृत्तापासून साधारण सतरा-अठरा ते एकवीस अंश उत्तरेला आहोत. ध्रुव क्षितिजाच्या वर जितके अंश, जवळजवळ तितकाच त्या गावाचा अक्षांश. इंग्लंडमध्ये तोच ध्रुव पाच मुठींवर दिसतो. विषुववृत्ताच्या खाली गेलं की दिसतच नाही, तिथं भर दुपारच्या सूर्याची उंची मोजावी लागते.

म्हणजे आकाशातली उंची मोजता आली की उत्तर-दक्षिण आपण कुठं आहोत ते कळतं. अरबी समुद्रातले जुने खलाशी यासाठी 'कमाल' वापरत. लाकडाची एक छोटी फळी आणि मधोमध ओवलेली गाठी मारलेली दोरी, एवढंच. दोरीचं टोक दातात धरायचं, फळी समोर धरायची, खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ताऱ्यावर. कितव्या गाठीला जमलं, त्यावरून बंदर ओळखायचं. साधी गोष्ट आहे, पण हुशारीची.

पण मूठ काय नि फळी काय, हा झाला अंदाज. आणि समुद्रात अंदाज महागात पडतो. एका अंशाचे साठ भाग केले तर प्रत्येक भागाला 'कला' म्हणतात. उंची मोजताना एका कलेची चूक झाली की जहाजाची जागा एका सागरी मैलानं चुकते. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, जवळजवळ दोन किलोमीटर. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली तर पंचावन्न किलोमीटरचा घोळ! रात्रीच्या वेळी समोर खडक असेल तर संपलंच.

जहाज तर सतत हलत असतं. हलत्या जहाजावरून तारा आणि क्षितिज दोन्ही एकदम बघायचं कसं? १७३१ मध्ये इंग्लंडच्या जॉन हॅडलीनं यावर उपाय दाखवला. साधारण त्याच वेळी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या थॉमस गॉडफ्री नावाच्या माणसालाही तेच सुचलं होतं, आणि हा गॉडफ्री होता खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर. उपाय होता आरशांचा. एक आरसा हलत्या दांडीवर, दुसरा स्थिर. स्थिर आरशाची अर्धी काच पारदर्शक. पारदर्शक भागातून क्षितिज दिसतं, आरशाच्या भागात तारा दिसतो. दांडी सरकवत सरकवत तारा खाली आणायचा, अगदी क्षितिजाला टेकेपर्यंत. जहाज कितीही डुललं तरी दोन्ही चित्रं एकत्रच डुलतात, जोडी सुटत नाही. मग दांडीचा काटा पट्टीवर कुठं आहे ते वाचायचं. पुढं १७५० च्या दशकात याचीच पट्टी लांब केली, वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी. सहावा भाग म्हणून नाव सेक्स्टंट. पट्टी साठ अंशांची, पण आरशामुळे मोजणी दुप्पट होते, म्हणून एकशे वीस अंशांपर्यंत मोजता येतं.

इथवर पुस्तकात सगळे पुरुषच होते, आणि मला वाटलं पुढंही तेच असणार. पण सेक्स्टंट एकटा काही कामाचा नाही, आणि तिथूनच बायका दिसायला लागल्या.

बघा, सूर्याची उंची मोजली. पण आज सूर्य आकाशात मुळात कुठं आहे? उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो, थंडीत दक्षिणेला. ते माहीत नसेल तर मोजलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही. पूर्व-पश्चिम कुठं आहोत हे काढणं तर आणखी अवघड. त्यासाठी वेळ लागते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून आपल्या इथली वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांतला फरक कळला की रेखांश कळतो. पण समुद्रावर ग्रीनिचची वेळ कुठून आणायची? हलत्या जहाजावर बरोबर चालणारं घड्याळ तेव्हा नुकतं तयार झालं होतं आणि फार महाग होतं. बहुतेक जहाजांना ते परवडत नव्हतं. मग घड्याळ कुठलं? चंद्र. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पुढं सरकतो. म्हणजे आकाश ही तबकडी आणि चंद्र हा काटा. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर सेक्स्टंटनं मोजायचं आणि ते अंतर ग्रीनिचच्या कोणत्या वेळेला असतं ते पंचांगात बघायचं.

हे दर्यावर्दी पंचांग ग्रीनिचचे राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी सुरू केलं. पहिलं पंचांग १७६७ सालचं. त्यात वर्षभर दर तीन तासांची चंद्राची अंतरं आधीच काढून छापलेली असत. आता हे आकडे काढायचे कुणी? तेव्हा यंत्रं नव्हती. माणसंच काढायची, घरी बसून, कागदावर. प्रत्येक महिन्याचं गणित दोन वेगवेगळ्या माणसांना पोस्टानं पाठवायचं, एकमेकांना न विचारता दोघांनी करायचं, आणि तिसऱ्यानं दोन्ही ताडून बघायचं. एकदा दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं. ताडणाऱ्याच्या लक्षात आलं आणि दोघांनाही कामावरून काढून टाकलं. आपल्या गटातही दोन नोंदवह्या कशाला, असं म्हणणाऱ्या असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

या घरबसल्या गणित करणाऱ्यांत इंग्लंडच्या लडलो गावचे एक धर्मोपदेशक होते, जॉन एडवर्ड्स. १७७३ पासून काम त्यांच्या नावावर येत होतं. त्यांना स्वतःला दुर्बिणींचे आरसे ओतायचा नाद होता. १७८४ मध्ये ते वारले. घरात बायको मेरी, दोन मुली आणि कर्ज. तेव्हा मेरीनं मॅस्केलिन यांच्याकडे विचारणा केली, हे काम माझ्याकडेच चालू ठेवाल का? आणि त्यातून उघड झालं की इतकी वर्षं नवऱ्याच्या नावावर येणारं बहुतेक गणित तीच करत होती.

विचार करा. दूरदूरच्या समुद्रांवर कप्तान लोक सेक्स्टंट डोळ्याला लावून आकडे वाचत होते, आणि मग जे पंचांग उघडत होते त्यातले कित्येक आकडे लडलोच्या एका घरात, पोरींचं करता करता, एका बाईनं काढलेले होते. समुद्रावरच्या कुणालाही तिचं नाव माहीत नव्हतं.

मॅस्केलिन यांनी काम तिच्याकडेच ठेवलं, आणि आता तिच्या नावावर. पुढची बरीच वर्षं तिनं त्यावर घर चालवलं. १८११ मध्ये मॅस्केलिन गेले आणि नव्या साहेबांच्या काळात तिच्याकडे येणारं काम कमी झालं. ती गप्प बसली नाही. रेखांश मंडळ नावाचं सरकारी मंडळ होतं, त्याच्याकडे तिनं अर्ज केला आणि मंडळानं तिच्या बाजूनं निकाल दिला. काम परत मिळालं. १८१५ मध्ये ती वारली, तेव्हा तिची मुलगी एलिझा हे गणित करू लागली. आईबरोबर बसून शिकलेली होती. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं हे सगळं काम लंडनच्या एका कचेरीत नेलं. घरबसल्या काम बंद झालं. कचेरीत बायकांना जागा नव्हती. मायलेकींनी मिळून जवळजवळ साठ वर्षं केलेलं काम तिथं संपलं.

हे वाचलं त्या रात्री मला आईची आठवण आली. माझे वडील गावच्या दूध संस्थेत हिशेबनीस होते. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचे ते, पण लिटर, फॅट आणि दर यांचा मेळ रात्री आई घालायची, चुलीजवळ वही घेऊन. दर दहा दिवसांनी होणारं पेमेंट पैशापैशाला जुळायचं. गावात सगळे म्हणायचे, हिशेब चोख असतो यांचा. वडील आजारी पडले आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. आईला कुणी विचारलं नाही. आईनंही विचारलं नाही. तिला आपलं असं काही आहे, ते मागता येतं, हे वाटलंच नसेल. मी तेव्हा नववीत होते, मलाही वाटलं नाही.

असो. आता यंत्राकडे परत येऊ, कारण चांगला सेक्स्टंट कसा निवडायचा हे सांगायचं राहिलंय. तेही एका बाईच्या दुकानात जाऊनच सांगते.

लंडनच्या बंदराजवळ मिनरीज नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं जेनेट टेलर या बाईंचं दुकान होतं आणि शेजारी नौकानयन शिकवणारी शाळा. जन्म १८०४ चा. वडील शाळामास्तर, मुलांना नौकानयनाचं गणित शिकवायचे, त्यांच्याकडून ती शिकली. १८३३ मध्ये तिनं चंद्राच्या गणिताच्या सारण्यांचं पुस्तक काढलं. १८३४ मध्ये गणित सोपं करणाऱ्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र मात्र नौदलानं नाकारलं, जहाजावरच्या राकट हातांना झेपणार नाही म्हणून. पैसा गुंतला होता, तोटा झाला. पण शाळा चालली, दुकान चाललं. आठ लेकरांची आई होती ती. मोठमोठे दाढीवाले खलाशी तिच्या शाळेत गणित शिकायला बसायचे. लोखंडी जहाजं आली तेव्हा लोखंडामुळे होकायंत्र चुकायला लागलं. ती जहाजांवर जाऊन ते दुरुस्त करून द्यायची. तिच्या दुकानाचं नाव कोरलेला सेक्स्टंट संग्रहालयात जपून ठेवला आहे.

अशा दुकानात गेलेला शहाणा कप्तान काय बघायचा? चकाकी नाही. आधी पट्टी बघायचा. पट्टीवरच्या रेघा एकसारख्या अंतरावर आहेत का? पूर्वी या रेघा कारागीर हातानं आखायचे, म्हणून यंत्र मोठं आणि महाग असे. १७७० च्या दशकात जेसी रॅम्सडेन या कारागिरानं रेघा आखणारं यंत्र बनवलं. रेखांश मंडळानं त्याला ६१५ पौंड दिले, पण अट घातली. ही विद्या दुसऱ्या कारागिरांना शिकवायची, आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या सेक्स्टंटच्या पट्ट्या सहा शिलिंगात आखून द्यायच्या. मला ही अट फार आवडली. त्यामुळे यंत्र लहान झालं, स्वस्त झालं आणि साध्या जहाजांपर्यंत पोचलं.

मग आरसे. खाऱ्या हवेनं आरशाचा पारा कडेनं काळा पडतो, तो बघायचा. दांडीवरचा आरसा ताठ उभा आहे का? त्याची परीक्षा सोपी आहे. आरशात पट्टीचं प्रतिबिंब बघायचं. खरी पट्टी आणि आरशातली पट्टी एका रेघेत जुळली तर आरसा ताठ, पायरी दिसली तर कललेला. सूर्याकडे बघायच्या काळ्या-रंगीत काचा आहेत का, तडकल्या नाहीत ना? नाहीतर डोळा जायचा. हातात धरून बघायचं, कारण हलत्या जहाजावर एका हातानं धरायचं असतं. फार जड असेल तर हात थरथरतो, फार हलकं असेल तर वारा हलवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काटा शून्यावर ठेवायचा आणि दूरच्या क्षितिजाकडे बघायचं. शून्यावर असताना खरं क्षितिज आणि आरशातलं क्षितिज मिळून एकच सरळ रेघ दिसली पाहिजे. तुटक दिसली तर यंत्रात शून्याची चूक आहे.

इथं मला आमच्या गटाची फजिती आठवते. आम्ही पापडांसाठी वजनकाटा घेतला. दुकानदारानं फुटाणे टाकून दाखवले, दिवे लागले, आम्ही खूश. दोन महिने पाकिटं भरली. मग एका ताईंनी रिकामा काटा बघितला तर तो वीस ग्रॅम कमी दाखवत होता. म्हणजे आम्ही प्रत्येक पाकिटात वीस ग्रॅम पापड फुकट देत होतो! रिकामा काटा बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

पण सेक्स्टंटचं शहाणपण याच्या पुढं जातं. शून्याची चूक असली म्हणजे यंत्र फेकायचं असं नाही. चूक किती आहे हे माहीत असलं आणि ती रोज तेवढीच राहत असली, तर हिशेबात ती वजा किंवा जमा करता येते. चांगले दर्यावर्दी प्रत्येक मोजणीच्या वेळी ही चूक बघून वहीत लिहितात. वाईट यंत्र ते, ज्याची चूक रोज बदलते. पुढं लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत सेक्स्टंट तपासून दाखला मिळू लागला. पट्टीवर कुठं किती चूक आहे ते त्यात लिहिलेलं असे आणि तो कागद यंत्राच्या पेटीतच ठेवत. चूक लपवायची नाही, लिहून चिकटवायची.

आता यंत्र आलं, पंचांग आलं. ते हातात घेणारी बाई सांगते, आणि मग काकूंचं उत्तर पुरं होईल.

१८५६ साल. अमेरिकेत 'नेपच्यून्स कार' नावाचं मोठं शिडाचं मालवाहू जहाज १ जुलैला न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. तेव्हा मधला पनामा कालवा नव्हता, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून जावं लागे. कप्तान होते जोशुआ पॅटन, आणि बरोबर त्यांची बायको मेरी, वय एकोणीस. आधीच्या सफरीत सतरा महिने ती नवऱ्याबरोबर होती. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून सेक्स्टंट धरायला आणि गणित मांडायला शिकली होती.

पहिला मदतनीस अधिकारी पहाऱ्यावर झोपायचा, हुकूम ऐकायचा नाही, म्हणून कप्तानांनी त्याला अटकेत टाकलं. त्याचंही काम स्वतः करू लागले, रात्रंदिवस डेकवर. केप हॉर्नजवळ ते कोसळले. ताप मेंदूत गेला, पुढं दृष्टीही गेली. दुसरा अधिकारी भला माणूस होता, शिडं सांभाळण्यात तरबेज, पण त्याला वाट काढायचं गणित येत नव्हतं. पूर्ण जहाजावर अटकेतला अधिकारी सोडला तर सेक्स्टंट वापरता येणारी एकच व्यक्ती शुद्धीवर होती, आणि ती गरोदर होती.

अटकेतल्या अधिकाऱ्यानं तिला चिठ्ठी लिहिली, मला सोडा, तुम्हाला हे झेपणार नाही. तिनं उत्तर दिलं की माझ्या नवऱ्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, मीही ठेवणार नाही. त्यानं खलाशांना फितवायचा प्रयत्न केला. तिनं सगळ्या खलाशांना डेकवर बोलावलं आणि परिस्थिती सांगितली. ते तिच्या बाजूनं उभे राहिले.

पन्नासहून जास्त दिवस तिनं जहाज चालवलं. आभाळ मोकळं झालं की सूर्य धरायचा, खाली येऊन गणित करायचं, नकाशावर खूण करायची, आणि मग औषधाची पुस्तकं चाळून नवऱ्याची शुश्रूषा करायची. इतक्या दिवसांत तिला कपडे बदलायलाही फुरसत झाली नाही, असं ती पुढं म्हणाल्याची नोंद आहे. मधे एकदा नवऱ्याला जरा बरं वाटलं तेव्हा त्यांनी त्या अधिकाऱ्याला परत कामावर घेतलं. त्यानं गुपचूप जहाजाची दिशा चिलीच्या वाल्परायसो बंदराकडे वळवली. ते लक्षात आलं आणि त्याला पुन्हा खाली पाठवलं. सगळं गणित दुसऱ्याच्या हातात असतं तर हे कळलंच नसतं.

१५ नोव्हेंबर १८५६ ला जहाज सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं, मालासकट. विमा कंपनीनं तिला एक हजार डॉलर आणि आभाराचं पत्र दिलं. जहाजाची आणि मालाची किंमत बघता हे फारच थोडं होतं, असं तेव्हाही लोक म्हणत होते. पुढच्या मार्चमध्ये मुलगा झाला. त्याच उन्हाळ्यात नवरा गेला. ती स्वतः १८६१ मध्ये क्षयानं वारली, चोविशीही पुरी झाली नव्हती. अमेरिकेच्या व्यापारी नौकानयन अकादमीतल्या रुग्णालयाला आज तिचं नाव आहे.

काकू म्हणतील, ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तर आत्ताची सांगते. 'गोल्डन ग्लोब' नावाची एक शर्यत आहे. एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. पहिली १९६८ मध्ये झाली. ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुरी केली, आणि त्यांची 'सुहैली' ही सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली होती. आता ही शर्यत पुन्हा भरते तेव्हा नियम असा की १९६८ मध्ये जी साधनं होती तीच वापरायची. जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त जिवावर बेतलं तर उघडायचं. म्हणजे पुन्हा सेक्स्टंट, पंचांग, कागदी नकाशा. २०२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सोळा जण निघाले. वाटेत एकाची नौका बुडाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर या बाईनं शर्यत सोडून त्याला समुद्रातून बाहेर काढलं आणि मग पुन्हा शिडं उभारली. २७ एप्रिल २०२३ ला तीच पहिली आली. दुसरे आले आपले अभिलाष टॉमी.

अशा शर्यतीला किंवा लांबच्या सफरीला निघणारे लोक आजही सेक्स्टंट निवडतात, आणि निवडताना वर सांगितलेलंच बघतात. आता फरक एवढा की प्लास्टिकचेही मिळतात. ते स्वस्त आणि हलके, शिकायला चांगले, अडीनडीला जवळ असावेत असे. पण उन्हात प्लास्टिक जरा वाकतं, त्यामुळे शून्याची चूक सकाळी एक आणि दुपारी दुसरी. प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं. धातूचा महाग असतो, पण त्याची चूक स्थिर राहते. जुना घ्यायचा तर पट्टी आणि आरसे स्वतः बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला विचाराल तर मी शिकायला प्लास्टिकचा घेईन. अर्थात मला कोण समुद्रावर नेणार आहे!

पण घरचा एक करता येतो. मुलांच्या कंपास पेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेला शरबताची एक नळी चिकटवा. मधल्या छिद्रातून दोरा ओवून खाली एक नट बांधा. अंधार पडल्यावर अंगणात जाऊन नळीतून ध्रुव बघा. एकीनं बघायचं, दुसरीनं दोरा कुठं आला ते बॅटरी लावून वाचायचं. तो आकडा आणि नव्वद यांच्यातला फरक म्हणजे ध्रुवाची उंची. ध्रुवाचा तारा नेमक्या उत्तर ध्रुवावर नसतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. सातारा-सोलापूरकडे पावणेअठराच्या आसपास यायला हवं, नाशिकला वीस, नागपूरला एकवीस, कोल्हापूरला सतराच्या जरा आत. आणि हो, आधी नळी सपाट धरून दोरा नव्वदावर येतो का ते बघा.

तुमच्या गटात काय आकडा आला, आणि शून्याची चूक किती होती, ते पोस्टकार्डावर लिहून आपल्या रेडिओ केंद्रावर पाठवा. गावाचं नाव लिहा. ज्या ताईंनी मोजलं आणि ज्यांनी वाचलं, त्या दोघींचीही नावं लिहा.